त्यांचा धूर

रविवार, ८ नोव्हेंबर १९९८

माळा झाडला. खाली उतरून हात धुवेपर्यंत पुन्हा काळा. राखेचं मी समजू शकतो. थर्मल वीजकेंद्राची राख आभाळातून येते, सगळ्या परळीवर सारखीच पडते, तिच्याशी भांडण नाही. पण धूर आभाळातून येत नाही. धूर रेवणसिद्ध काकाच्या घरातून येतो.

नीट लिहून ठेवतो, म्हणजे डोकं जागेवर राहील. घर एकच होतं. वडील गेले आणि वर्ष व्हायच्या आत काकाने मधोमध भिंत घातली. बाजाराकडची बाजू त्याला, पलीकडची मला आणि आईला. भिंत माळ्याच्या फळ्यांपर्यंतच आहे. वर पत्र्याखाली सगळं मोकळं, मध्ये फक्त गोणपाटाचा पडदा. त्यांच्या बाजूला झरोका होता. मागच्या वर्षी त्याला खेटून तीन मजली लॉज उठला आणि झरोका बुजला. आता दोन्ही घरांना मिळून एकच झरोका उरला — आमचा. त्यांची माळ्याची शिडी मागच्या अंधाऱ्या खोलीतून वर येते, तिचं तोंड कायम उघडं. तिथे काहीही पेटलं की धूर त्या तोंडातून वर, पडद्यातून आमच्या ज्वारीवर, कांद्यावर, वाकळांवर, आणि मग आमच्या झरोक्यातून बाहेर.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "धूर हाय बाबा. त्याला वाटनी कळत न्हाई."

मला कळते ना.

मंगळवार, १० नोव्हेंबर

थंडी सुरू झाली. पहाटे पत्र्याला खालून दव धरतं आणि टपटप पडतं. ज्वारीच्या पिंपांवर खताच्या रिकाम्या पिशव्या ताणून बांधल्या. वाकळा दोरीवर उंच घेतल्या. येळवशीची बिंदगी — वेळ अमावास्येला शेतात आंबील न्यायचा मोठा मातीचा घडा — कोपऱ्यात पालथी घातली, उंदीर बसू नये म्हणून आत कडुलिंबाचा पाला. पडद्याच्या कडेला वरून खाली खिळे मारले.

काकाची केबलची वायर आमच्या माळ्यावरून जाते. कुणाला विचारलं होतं? बाजूला सारून ठेवली. तोडली नाही. अजून तरी.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

शिवांजली बाळंत झाली. काकाची मुलगी, पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. मुलगा. पेढे समोरच्या छबुबाईकडे गेले, पलीकडच्या लॉजच्या मॅनेजरकडे गेले. आमचं दार भिंतीला भिंत, ते वगळून.

आई दिवसभर भिंतीकडे तोंड करून तूर निवडत बसली. काकू तिची सख्खी धाकटी बहीण. दोघी एकाच मांडवात दोन भावांना दिल्या. लहानपणी मी तिला मावशीच म्हणायचो. वाटणी झाली तेव्हापासून काकू म्हणतो. नातं त्यांनी निवडलं.

सोमवार, १६ नोव्हेंबर

बाळंतीण अंधाऱ्या खोलीत. बाजेखाली शेगडी. आधी गोवऱ्या आणि ओव्याची धुरी होती, ती परवडली. आजपासून दगडी कोळसा. फळ्यांवर कान ठेवला की खालचं सगळं ऐकू येतं. काका सांगत होता, "गवरी घंटाभरात इजती. ह्यो बग, एकदा फुलला की दिस मावळंस्तोवर टिकतो. लई ऊब."

काकू म्हणाली, "वास येतोय वो."

"वरी जातोय की सगळा. तो माळ्यावरचा उंदीर खाईल."

उंदीर म्हणजे मी.

खाली आलो आणि भाकरी अर्धी टाकून उठलो. आईने विचारलं, "काय रे?" काही नाही म्हणालो.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

कांद्याचा ढीग कमी झालाय. यंदा कांदा काय भावाने चाललाय ते साऱ्या देशाला माहीत आहे. लोक भज्यातसुद्धा कोबी घालायला लागलेत. आमच्या शेतातले, शेत वाट्याने करणाऱ्या सटव्याने आमच्या हिश्श्याचे आणून टाकलेले, एकेक पात कापून मी पसरलेले. मला माझा ढीग कळतो. डावीकडे खळगा पडला आहे.

पडद्याचे खालचे दोन खिळे सैल.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

माळा झाडायचा नाही असं ठरवलं. हात शिवशिवतात, पण नाही. राख आपोआप पडते, पडू दे. जो येईल त्याचं पाऊल उमटेल. झाडू खाली आणून दारामागे ठेवला, नाहीतर मीच झाडून टाकीन.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

उमटलं!

बाईमाणसाचं, अनवाणी. बोटाजवळ जोडव्याची खूण. पडद्यापासून कांद्यापर्यंत आणि परत. पावलं मी पुसली नाहीत, वर टोपली पालथी घातली.

मग पडद्याला तोंड लावून ओरडलो, "काकू, चोरी करायची तर पाय धुऊन या."

खालून काकूचा आवाज आला, "कोन हाय रे? विश्वा? काय म्हनतो?"

"कांदे म्हणतो. मोजून ठेवलेत."

काकू म्हणाली, "अरे भाड्या, तुजे कांदे खाऊन आमी काय अमर व्हनार हाव का?" मग काकाचा आवाज, "बोलू नको त्याच्यासंगं. दहावी दोनदा बसला अन् आता माळ्यावर वकिली करतो."

मी गणितात गेलो. मराठीत नाही, इतिहासात नाही. हे त्याला माहीत आहे. तरी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. छबुबाई खिडकीत होती.

बुधवार, २५ नोव्हेंबर

बाळाचं बारसं झालं. गाणी ऐकू आली. नाव ऐकू आलं नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "केदारनाथ ठुलंय." तुला कुणी सांगितलं? "छबुबाईनं."

रविवार, २९ नोव्हेंबर

आज आई न्हाणीत पाय घासत होती. उजव्या टाचेला आडवी भेग, तिला फाटा फुटलेला. कोकम तेल लावत होती. मी बादली ठेवायला गेलो आणि तिथेच उभा राहिलो. वर गेलो. टोपली उचलली. उजव्या टाचेला आडवी भेग. तिला फाटा.

जोडवी दोघींच्या बोटांत सारखीच, लग्नातली. आईने विधवा झाल्यावरही काढली नाहीत, आमच्यात काढतच नाहीत असं नाही, तिनेच काढली नाहीत. माझ्या कसं लक्षात आलं नाही?

आणि पावलं नीट बघितली तर पडद्याकडून आलेली नाहीतच. आमच्या शिडीवरून आली आहेत. कांद्याकडे, मग पडद्याकडे. मग परत.

टोपली पुन्हा पालथी घातली. खाली येऊन जेवलो. पिठल्याला चव नव्हती, की मलाच.

मंगळवार, १ डिसेंबर

विचारलं. सरळ विचारलं.

आई म्हणाली, "हो. मीच."

"काय काय दिलं?"

"कांदे. डिंक. तूप वाटीभर. बाळंतिनीला देत्यात ते."

"त्यांनी आपल्याला दारात उभं केलं नाही. पेढा नाही दिला."

"दादल्यांचं भांडान हाय ते. ती माजी बहीन हाय. तुज्या आदी व्हती."

तुझ्या आधी होती. हे वाक्य दिवसभर शेठच्या कापड दुकानात कानात वाजलं. कापडाचं थान गुंडाळताना दोनदा उलटं गुंडाळलं, शेठ ओरडला. मी आईसाठी काय केलं नाही? शिकायला बीडला गेलो नाही. पुण्याला कंपनीत चल म्हणून मित्र आला, गेलो नाही. तिचे गुडघे, तिची ज्वारी, तिच्या वाकळा. आणि ती माझ्याच माळ्यावरून, माझ्याच कांद्यातून —

आज धूर येतो, उद्या माल जातो, परवा माणूस जाईल. पडद्याने भागणार नाही.

शुक्रवार, ४ डिसेंबर

उत्तरेश्वर गवंड्याला आणलं. खालच्या भिंतीच्या बरोबर डोक्यावर, फळी काढून, विटांची भिंत. थेट पत्र्यापर्यंत. चुन्यात थर्मलची राख मिसळायची, दगडासारखी धरते म्हणाला.

हसत होता. "मालक, भावाभावातल्या भिंती बांधून माजी दोन पोरं शिकली. देवानं भाऊ दिले अन् मला धंदा दिला."

आई शिडीखाली उभी होती. "विश्वा, सगळं नको रे बंद करू. धूर कुठं जाईल मंग?"

म्हणालो, "त्यांचा धूर. त्यांनी बघावा."

"लेकरू हाय तितं."

"त्यांचं लेकरू."

उत्तरेश्वर हसायचा थांबला आणि घमेलं मागायला लागला.

सोमवार, ७ डिसेंबर

कमरेइतकी झाली. काका पलीकडून शिडी चढून आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचं तोंड इतक्या जवळून पाहिलं. दाढी पांढरी झाली आहे. कपाळावर भस्माचे पट्टे, त्यावर राख.

"कुनाला इचारून?"

"तुम्ही खाली कुणाला विचारलं होतं?"

"बाप गेला तुजा, न्हाईतर आज थोबाड फोडलं असतं."

"बाप गेला म्हणूनच तुमची भिंत उभी राहिली."

तो उतरला. जाताना म्हणाला, "बांद. लई बांद. कोंडून घे सोताला."

 नंतरच्या विटाही मीच दिल्या, एकेक.

शुक्रवार, ११ डिसेंबर

वरपर्यंत गेली. फक्त आढ्याखाली, पत्र्याच्या नागमोडी कडेला, हातभर फट राहिली आहे. उत्तरेश्वरला ऊसतोडीला जाणाऱ्या नातेवाइकांना गाडीत बसवायचं होतं म्हणून निघून गेला. फटीत गोणपाट कोंबलं.

माळा झाडला. पुसला. संध्याकाळपर्यंत राखेचा पातळ थर, बस. धुराचा वास नाही. ज्वारीत हात घातला, हात पांढरा बाहेर आला.

रविवार, १३ डिसेंबर

भिंतीपलीकडून शिवांजलीचा आवाज. "आई, डोकं लई दुखतंय गं. वकायला व्हतंय." काकू म्हणाली, "बाळंतवारा हाय. कानाला बांद."

नखरे. मुलगा झाल्याचे नखरे.

सोमवार, १४ डिसेंबर

गोणपाट खाली पडलेलं सापडलं. उंदरांनी ओढलं असेल. पुन्हा कोंबलं.

बुधवार, १६ डिसेंबर

उंदीर नव्हेत. राखेत टाच. भेग.

  जेवताना आईने माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली, मी उचलून टोपलीत ठेवली.

शुक्रवार, १८ डिसेंबर — येळवस

सकाळी आई चुलीशी होती. भज्जी, येळवशीची डाळी-भाज्यांची एकत्र भाजी, रटरटत होती, चिंचेचा आणि डाळींचा वास घरभर. बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, बिंदगीत आंबील. मी वर गेलो. उत्तरेश्वरने ठेवलेला चुना रात्रीच भिजवला होता. फटीतलं गोणपाट काढलं, तीन विटा आडव्या बसवल्या, चुन्याने लिंपल्या, कडा बोटाने घोटल्या. बोट घालून पाहिलं. वारासुद्धा येत नाही. खाली आलो. आईला आवाज गेला नसावा.

आई शेतात येत नाही म्हणाली. "गुडगा धरलाय. तू जा. सटव्याला पोटभर वाढ." दरवर्षी येते. यंदा नाही. ठीक आहे. बिंदगी मी एकट्याने डोक्यावर घेतली, जीपवाला म्हणाला, "आरं, बायको कर की आता."

कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडले, त्यांना चुना लावला, आंबील शिंपडली. सटवा आणि त्याची बायको जेवले. बांधापलीकडे काकाचं शेत, सगळे आलेले. काका, काकू, जावई. म्हणजे बाळंतिणीला घरी एकटीला टाकून भज्जी खायला आले. काळीज बघा. काकूने बांधावरून हाक मारली, "विश्वा, ये रे, उंडा खाऊन जा." मी ज्वारीकडे तोंड केलं.

आता निघतो. हे शेतातच लिहिलं. ऊन चांगलं आहे. ज्वारी पोटऱ्यात आली आहे. बऱ्याच दिवसांनी बरं वाटतंय.

मंगळवार, २२ डिसेंबर

अंबाजोगाईहून लिहितो. दवाखान्याच्या व्हरांड्यात.

येळवशीला संध्याकाळी जीपमधून उतरलो तर गल्लीत माणसं. आमचं दार बाहेरून कडी लावलेलं. मला वाटलं, आई देवळात गेली. छबुबाई म्हणाली, "तुजी माय पलीकडं व्हती की. बाळंतिनीपाशी कोन बसनार? ती बहिनीला म्हनली तुमी जावा शेताला, वरसाचा सन हाय, मी बसते." हे दोघींचं आधीच ठरलेलं. गुडघा धरलेला नव्हता.

बाकीचं छबुबाईकडूनच कळलं. थंडी म्हणून दार लोटलेलं, शेगडी भरलेली. शिवांजली आधी झोपली, मग उठेना. बाळ कण्हल्यासारखं करायला लागलं. आईने दार उघडलं, बाळाला उचलून ओसरीत आणून ठेवलं आणि छबुबाईला हाक मारली. छबुबाई पोचली तेव्हा आई पुन्हा आत गेली होती. शिवांजलीला ओढायला बघत होती, ओढवेना. मग शिडीवर. छबुबाई सांगते, "मी म्हनले, मल्लाक्का, वरी कुठं? ती म्हनली, वरी मोकळं करते. मंग धडाधड इटा पडल्याचा आवाज."

गडी माणसं आली. शिवांजलीला बाजेसकट बाहेर काढलं. आई शिडीच्या तोंडापाशी आडवी पडलेली, तिला वरून खाली उतरवली.

तिघंही जिवंत आहेत. डॉक्टर म्हणाले, कोळशाचा वायू. दार उघडं असतं, वर वाट असती, तर एवढं झालं नसतं.

वर वाट असती तर.

काका डोकं धरून बसला होता. "माजाच कोळसा. म्याच आनला. ती वास येतोय म्हनली व्हती." पुन्हा पुन्हा तेच. भिंतीचं नाव त्याने घेतलं नाही. काकूनेही नाही. मीही नाही. काकाने दोन डबे आणले, एक माझ्यापुढे ठेवला. मी खाल्ला. भूक लागली होती.

गुरुवार, २४ डिसेंबर

आई शुद्धीवर आहे. पाणी मागते. काकूशी बोलते, नर्सशी बोलते. मी खाटेजवळ गेलो की डोळे मिटते.

आज काकू बाहेर गेली तेव्हा डोळे न उघडताच म्हणाली, "फट कवा बुजवलीस?"

"सकाळी. तू भज्जी करत होतीस."

"मला वाटलं, पोतं हाय. हातानं निगंल."  मग, "इटा लागल्या हाताला."

शनिवार, २६ डिसेंबर

कपडे न्यायला घरी आलो. वर गेलो. तीन विटा आमच्या बाजूला पडलेल्या, ज्वारीच्या पिंपाजवळ. म्हणजे पलीकडून ढकलल्या. कडेच्या चुन्यात तिची बोटं उमटली आहेत, चार, आणि तळव्याचा कोपरा. तेव्हा ओला होता. आता धरला आहे, नखाने उकरला तरी निघत नाही. उत्तरेश्वर खोटं बोलला नव्हता.

माळा झाडायचा होता. झाडू हातात घेऊन उभा राहिलो. झाडला नाही.

बुधवार, ३० डिसेंबर

आईला सोडलं. काकाने जीप केली. सगळे एकाच जीपमध्ये आलो, आई मध्ये, काकू तिचा हात धरून, मी मागच्या बाकावर पिशव्यांसोबत.  कुणी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी आधी उतरलो. दार उघडलं, उंबऱ्यावर पाणी मारलं, आत तिची चटई टाकली होती. दाराला धरून उभा राहिलो.

आई उतरली. दाराकडे पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं असेल. काकूच्या खांद्यावर हात ठेवून पलीकडच्या दारात शिरली.

गुरुवार, ३१ डिसेंबर

छबुबाई निरोप घेऊन आली. "दोन लुगडी दे म्हनली. अन् गुडग्याचं तेल. अन् तिचं उशाचं गठुडं."

"कधी येणार म्हणाली?"

छबुबाई म्हणाली, "मी काय इचारू?"

लुगडी घडी करून, तेलाची बाटली मध्ये ठेवून, गठुडं बांधलं. समोरच्या दाराने जाववेना. वर गेलो आणि फटीतून पलीकडे धरलं. खालून कुणीतरी शिडी चढून आलं, हाताने घेतलं. जोडवी दिसणार नव्हती, हात कुणाचा ते कळलं नाही. "मावशी?" म्हणालो. पावलं शिडीवरून खाली गेली.

शनिवार, २ जानेवारी १९९९

संध्याकाळी वर होतो. फटीतून धूर येत होता. भाकरीचा वास होता त्यात, कडेला जरा करपलेली, आई करते तशी.